द्राक्षाच्या वावरातून संत्र्याच्या वावरात

(तिवसा तालुक्यातील एका बचत गटाच्या ताईंनी सामुदायिक रेडिओवर केलेलं हे भाषण. बोलण्यातला सूर तसाच ठेवला आहे.)

दुपारची वेळ आहे. कोणी तूर भरडत असेल, कोणी वावरातल्या झाडाखाली भाकर खाऊन जरा टेकली असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आज मी द्राक्षाच्या शेतीबद्दल बोलणार आहे, तेही वाईनच्या द्राक्षाच्या. आता तुमच्यापैकी काहीजणींच्या कपाळाला आठी पडली असेल. पडूच द्या. तीन वर्षांपूर्वी आमच्या गटाचा नाशिककडे अभ्यास दौरा ठरला आणि त्यात दिंडोरी तालुक्यातला एक सेंद्रिय द्राक्षमळा पाहायचा होता, तेव्हा आमच्याही कपाळाला अशीच आठी पडली होती. माझ्या आत्याबाई म्हणाल्या, "काहून वं, दारूचा कारखाना पाहाले चालली काय?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आपला तालुका गुरुकुंज मोझरीचा. तुकडोजी महाराजांच्या व्यसनमुक्तीच्या विचारावर आपल्या कितीतरी घरांची घडी बसली आहे. वर्धा नदी ओलांडली की पलीकडच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, आणि अलीकडे आपण. माझा सख्खा भाऊ दारूपायी गेला, त्याच्या दोन लेकरांचं शिक्षण आज आम्ही करतो. त्यामुळे वाईन हा शब्दच मला नको होता. पण गटात ठरलं की आपण प्यायला नाही, पाहायला जातोय. शेती पाहायची, बाटलीकडे पाहायचं नाही. मीही गेले. आणि खरं सांगते, माझा संत्र्याचा बगीचा त्या दौऱ्यामुळे वाचला. तो कसा, तेच आज सांगायचं आहे.

आधी घरची परिस्थिती सांगते. आमच्याकडे अडीच एकरात २८० संत्र्याची झाडं आहेत. वावर उताराचं आहे. वरची बाजू भरड, मुरमाची. खालची बाजू नाल्याकडची, काळी कसदार. आम्हाला वाटायचं, खालची जमीन म्हणजे सोनं. तिथली झाडं हिरवीगार, फळ मोठं. पण दोन-तीन वर्षांपासून तिथल्याच झाडांना डिंक्या लागला. खोडातून डिंक वाहायचा, पानं पिवळी पडायची, शेंड्याकडून फांद्या वाळायच्या आणि उभं झाड जायचं. अकरा झाडं गेली. औषधांवर औषधं झाली. आमचे हे म्हणायला लागले, बगीचा तोडून टाकू आणि पुन्हा पऱ्हाटी पेरू. बारा वर्षांची झाडं तोडायची म्हटल्यावर माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. अशा वेळी मी नाशिकच्या गाडीत बसले.

दौऱ्यात त्या शेतकरी दादांनी आम्हाला दोन प्लॉट दाखवले. दोन्हीकडे वाण एकच, खुंट एकच, लागवड एकाच वर्षाची. फरक एवढाच, की एक प्लॉट टेकडीच्या उतारावर मुरमात होता आणि दुसरा खाली, काळ्या जमिनीत. फेब्रुवारी महिना होता, तोडणी सुरू होती. दादांनी दोन्हीकडचा एकेक घड आमच्या हातात दिला आणि म्हणाले, "ताई, वाईन नका पिऊ, पण द्राक्ष तर खाल?"

आम्ही खाल्ली. खालच्या प्लॉटचे मणी मोठे, पाण्यानं भरलेले, चव फिक्कट. वरच्या प्लॉटचे मणी लहान, साल जाड, बिया मोठ्या, पण चव अशी की जिभेवर बराच वेळ राहिली. गोड होती, आंबट होती, थोडी तुरटही होती. आमच्यातली एकजण म्हणाली, हे तर दोन वेगळ्या जातीचे आहेत. दादा हसले. म्हणाले, "जात एक, माती दोन."

असं का होतं, ते त्यांनी समजावून सांगितलं. वाईनच्या द्राक्षाचा रंग, वास आणि तुरटपणा हे सगळं मुख्यतः सालीत आणि बियांत असतं. मणी पाणी पिऊन फुगला की गर वाढतो, पण साल त्या मानानं वाढत नाही. म्हणजे चव पातळ होते. वरणात जास्तीचं पाणी घातल्यासारखं. काळी चिकण माती पाणी धरून ठेवते. वेलीला वाटतं, पाण्याची काय कमी आहे. ती पानं वाढवते, शेंडे वाढवते, मणी फुगवते. मुरमाच्या जमिनीतून पाणी निचरून जातं. वेलीला थोडी तहान लागते. मग ती शेंडा थांबवते आणि आपली ताकद फळाकडे वळवते. फार तहान लागली तर वेलच सुकेल, तेही चालत नाही. थोडी तहान आणि वेळेवर घोटभर पाणी, एवढंच तिला हवं असतं.

मी विचारलं, मग मातीचा वास मुळातून फळात चढतो का? लोक तसं म्हणतात. दादा म्हणाले, "नाही ताई. दगडाचा वास मुळातून वर चढत नाही. माती काय करते, तर पाणी किती द्यायचं, कधी द्यायचं आणि अन्न किती द्यायचं, ते ठरवते. चव त्यातून तयार होते." हे मला फार पटलं. दोन बहिणींना एकच पीठ दिलं तरी भाकरी वेगळी होते. पीठ तेच, पण पाणी आणि आच ज्याची त्याची.

वाईन मुळात काय असते, हेही तिथे कळलं. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट नावाचे बारीक जीव खातात आणि तिचा मद्यार्क होतो. आपलं इडलीचं पीठ फुगतं, तशातलीच ही क्रिया. एका बाटलीला साधारण एक ते सव्वा किलो द्राक्षं लागतात आणि त्यात वरून पाणी घालत नाहीत. त्यामुळे द्राक्षात जी चव आहे तीच शेवटपर्यंत राहते. म्हणून हे लोक मातीला इतका जीव लावतात. बाटलीवर गावाचं, खोऱ्याचं नाव छापतात. युरोपात तर शेजारशेजारच्या दोन वावरांच्या मालाला वेगवेगळा भाव असतो, आणि तो मातीच्या नावावर मिळतो.

मातीइतकंच हवेचंही काम आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. आपलं अमरावती त्याच्या जवळपास निम्म्या उंचीवर. हिवाळ्यात तिकडे दिवसा छान ऊन आणि रात्री चांगली थंडी असते. उन्हात पानं साखर बनवतात. रात्र थंड असली की फळातला आंबटपणा टिकतो. रात्रही गरम असली तर आंबटपणा लवकर संपतो आणि नुसता गुळचट गोडवा उरतो. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षातून एकदाच छाटतात. आपल्या महाराष्ट्रात वेल झोपत नाही. म्हणून एप्रिलमध्ये एक छाटणी, तिला खरड छाटणी म्हणतात, आणि ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी, गोडी छाटणी. फळ जानेवारी ते मार्चमध्ये येतं, म्हणजे थंडीचा फायदा मिळतो आणि पावसाळाही टळतो.

आता कोणी विचारेल, मग आपणही लावू का द्राक्ष? माझं उत्तर आहे, नाही. एक तर आपली खोल काळी जमीन आणि ४५ अंशांचा उन्हाळा. दुसरं कारण बाजाराचं आहे. नाशिकला २००० च्या सुमारास वाईनचा धंदा जोरात सुरू झाला. २००१ मध्ये सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं. शेतकऱ्यांनी करार करून वाईनची द्राक्षं लावली. मग २००८-०९ नंतर मागणी पडली, माल उचलेना, पैसे अडकले आणि कितीतरी जणांनी उभे मळे उपटून टाकले. खायची द्राक्षं असती तर नाशिकच्या नाही तर मुंबईच्या बाजारात गेली असती, बेदाणा केला असता. ही लहान, बियांची, जाड सालीची द्राक्षं खायला कोण घेणार? बायांनो, हे गाठीला बांधून ठेवा. ज्या मालाला एकच गिऱ्हाईक आहे, तो माल लावताना दहादा विचार करा.

म्हणजे मी नाशिकहून द्राक्षाची काडी आणली नाही. आणली ती नजर. गाडीत परत येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तो खालचा प्लॉट आणि आमच्या वावराची नाल्याकडची बाजू. मोठं फळ, पाणचट चव, हिरवी पानं. सगळं तेच.

आता आपल्या संत्र्याकडे या. संत्रा आणि द्राक्ष यांच्यात एक गोष्ट सारखी आहे. दोन्ही फळं तोडल्यावर पुढे पिकत नाहीत. आंबा, केळी आढीत घातली की गोड होतात. संत्रा तोडला तेव्हा जेवढा गोड, तेवढाच राहणार. म्हणजे जे काही करायचं ते झाडावर असतानाच, आणि झाडाच्या खाली, मातीत.

दुसरी सारखी गोष्ट म्हणजे ताण. आपण मृग बहारासाठी एप्रिल-मे मध्ये पाणी तोडतो, आंबिया बहाराला थंडीचा ताण मिळतो. ही वेलीच्या तहानेचीच गोष्ट आहे. आपल्या आजे-सासऱ्यांना हे नाशिकच्या आधी माहीत होतं. पण आपण एक चूक करतो. साऱ्या वावराला एकाच दिवशी पाणी तोडतो आणि एकाच दिवशी सोडतो. हलक्या जमिनीत महिनाभरात ताण बसतो. भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने लागतात. आमच्याकडे वरच्या झाडांची पानं सुकून गळायची, तेव्हा खालच्या झाडांना अजून तहानच लागलेली नसायची. मग खाली फूट अर्धवट आणि वर झाडं हैराण.

हवेचंही तसंच आहे. मृगाचा संत्रा फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होतो, त्याच्या अंगावर थंडीच्या रात्री गेलेल्या असतात, म्हणून त्याला रंग चांगला चढतो. आंबियाचा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा संत्रा आतून पिकतो, पण साल हिरवट राहते. गिऱ्हाईक म्हणतं, कच्चा आहे. तो कच्चा नसतो, त्याला थंड रात्री मिळालेल्या नसतात.

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते खड्डे खणण्याचं. वर दोन, खाली दोन, कमरेइतके खोल. आमचे हे म्हणाले, "झाडं मेली, आता खड्डे कोनासाठी खनतं?" मी म्हटलं, पाहून तर घ्या. वरच्या खड्ड्यात दीड-दोन फुटांवर मुरूम लागला. खालच्या खड्ड्यात कमरेपर्यंत काळी चिकण माती, आणि तळाशी पांढरे चुनखडीचे खडे. पाणी देऊन पंधरा दिवस झाले होते, तरी खालची माती हातात घेतली तर लाडू वळत होता. मुळ्या हुंगल्या तर कुजका वास. बारा वर्षं आम्ही त्या झाडांना पाणी पाजत होतो, आणि ती गुदमरत होती.

मग माती तपासायला दिली. कृषी विभागाकडे माती परीक्षणाची सोय असते. संत्र्यासाठी जमिनीत मोकळी चुनखडी १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, निचरा चांगला असावा, असं सांगतात. आमची खालची बाजू दोन्हीत नापास झाली. चुनखडी जास्त असली की झाडाला लोह, जस्त घेता येत नाही आणि पानं पिवळी पडतात. आम्ही मात्र खत कमी पडलं म्हणून युरिया टाकत होतो. बायांनो, बगीचा लावायच्या आधीच खड्डा खणला असता तर तिथे संत्रा लावलाच नसता. नर्सरीतून कलम आणताना आपण पान पाहतो, भाव पाहतो. खुंट जंबेरीचा की रंगपूर लिंबाचा, हे विचारत नाही. नाशिकचे शेतकरी चुनखडीच्या आणि खारवट जमिनीसाठी डॉगरिज नावाचा जंगली खुंट लावतात आणि त्यावर आपल्या पसंतीची जात बांधतात. मुळ्या मातीला पाहून निवडायच्या असतात.

आता सेंद्रियबद्दल. त्या मळ्यात वेलींच्या ओळीमधली जमीन उघडी नव्हती. तिथे ताग, चवळी असं काहीबाही पेरलेलं होतं, ते कापून तिथेच पसरलेलं. बोदावर पालापाचोळा आणि शेणखत. माती हातात घेतली तर भुसभुशीत, गांडुळं दिसत होती. मी विचारलं, फवारणी अजिबात नाही का? दादा खोटं बोलले नाहीत. म्हणाले, द्राक्ष फार नाजूक असतं. ढगाळ हवा, पाऊस आला की डाऊनी येतो, भुरी येते. सेंद्रियातही फवारावं लागतं, पण गंधक, बोर्डो आणि जैविक बुरशी अशा ठरावीक गोष्टींनीच. तरी एखाद्या वर्षी अवकाळी पाऊस माल घेऊन जातो.

बोर्डो म्हटल्यावर आम्ही सगळ्या सावध झालो. बोर्डो तर आपल्या घराघरात आहे. संत्र्याच्या खोडाला पावसाळ्याआधी आणि नंतर आपण बोर्डोची पेस्ट लावतोच. तर ऐका गंमत. बोर्डो हे फ्रान्समधल्या एका गावाचं नाव आहे, आणि ते गाव वाईनसाठी जगात प्रसिद्ध आहे. १८८० च्या सुमारास तिथले मळेवाले रस्त्याकडेच्या वेलींना मोरचूद आणि चुना फासायचे, कशासाठी? तर वाटसरूंनी द्राक्षं चोरून खाऊ नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की रोगानं सगळा मळा गेला, पण रस्त्याकडेच्या वेली चांगल्या आहेत. त्यातून हे औषध निघालं. म्हणजे वाईनच्या द्राक्षाचं औषध सव्वाशेच्या वर वर्षं झाली, आता आपल्या संत्र्याच्या खोडाला लागतंय. वाईनचं नाव घेतलं की नाक मुरडणाऱ्या मी हे ऐकून हसत सुटले.

पण बोर्डोही मोजूनच वापरायचं. फवारणीला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. खोडाच्या पेस्टला तेवढंच मोरचूद, तेवढाच चुना आणि १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात भिजवायचं, लोखंडी भांडं नको. तयार झाल्यावर लोखंडी विळा त्यात बुडवून पाहायचा. विळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. मोरचुदातलं तांबं मातीत जाऊन बसतं, ते कुठे निघून जात नाही. म्हणून युरोपात सेंद्रिय शेतीलाही मर्यादा घातली आहे. एका हेक्टरला सात वर्षांत मिळून २८ किलोच तांबं. सेंद्रिय म्हणजे कितीही टाका, असं नसतं.

जास्त औषधांनी काय होतं, त्याचीही गोष्ट नाशिकनं पाहिली आहे. २०१० मध्ये आपल्याकडून युरोपात गेलेल्या खाण्याच्या द्राक्षात वाढ रोखणाऱ्या एका औषधाचा अंश सापडला आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. शेतकऱ्यांचं नुकसान झालंच. पण मला आठवतात त्या मळ्यात काम करणाऱ्या पेठ-सुरगाण्याकडच्या बाया. त्या मला म्हणाल्या, "इथे बरं वाटतं बाई. दुसरीकडे फवारणी झाली की दुसऱ्या दिवशी हात चुरचुरतात." औषधाचा अंश युरोपात तपासला जातो. बाईच्या हातावरचा अंश कोण तपासतं?

आता आम्ही घरी काय केलं, ते सांगते. जादू काही झाली नाही, आधीच सांगते.

खालच्या बाजूला आम्ही नाल्याकडे उतार देऊन चर खणले, पाणी निघून जाऊ लागलं. मोकाट पाणी देणं बंद केलं. झाडाला दुहेरी आळं केलं, म्हणजे आतलं लहान आळं कोरडं आणि बाहेरच्या आळ्यात पाणी. पाणी खोडाला लागलं नाही पाहिजे, डिंक्या तिथूनच येतो. कलमाचा डोळा मातीत गेलेला होता, ती माती उकरून डोळा मोकळा केला. शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून दिलं. मेलेल्या अकरा झाडांच्या जागी पुन्हा संत्रा लावला नाही. तिथे तूर पेरली, ती त्या जमिनीत झकास आली.

वरच्या बाजूला उलट. तिथे पाणी थोडं-थोडं पण लवकर-लवकर, ठिबकनं. आळ्यात तुरीचं कुटार, गवत, पालापाचोळा चार बोटं जाड पसरला. पावसाळ्यात ओळींमध्ये बोरू पेरून फुलावर यायच्या आत कापून टाकला. पालापाचोळा जाळायचा नाही, हे घरात सगळ्यांना बजावलं.

जीवामृतही सुरू केलं. आपल्याच जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर गुरुजी, ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी ते गावोगावी नेलं. २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती. सावलीत ठेवून दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळायचं आणि एकरभर द्यायचं. नुसत्या जीवामृतावर सगळं भागतं का, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. आमचा अनुभव म्हणाल तर शेणखत, हिरवळीचं खत आणि आच्छादन यांच्या जोडीनं ते चांगलं लागतं. एकट्यानं नाही.

पहिल्या वर्षी माल कमी झाला. फळ लहान आलं, चकाकी नव्हती. व्यापाऱ्यानं नजरेनं पाहूनच भाव पाडला. घरात बोलणी बसली, ती मी ऐकून घेतली. दुसऱ्या वर्षी नवीन झाड गेलं नाही. तिसऱ्या वर्षी, म्हणजे यंदा, खालच्या बाजूच्या झाडांना नवी पालवी आली. सगळीच वाचली नाहीत. चार झाडं अजून अर्धी वाळलेली आहेत. पण तोडायची गोष्ट घरात आता कोणी काढत नाही.

आणि चव. यंदा आम्ही वरच्या बाजूचा माल वेगळा काढला. आजवर आम्ही बहार झाडावरच द्यायचो. व्यापारी इसार द्यायचा, त्याची माणसं यायची, वरचं-खालचं सगळं एका गाडीत. आपला माल कुठे गेला, कोणी खाल्ला, कसा लागला, काही कळत नसे. यंदा गटातल्या आम्ही पाचजणींनी वरच्या झाडांचे कॅरेट वेगळे भरले आणि मोझरीजवळ हायवेच्या कडेला बसलो. एक फळ सोलून फोड हातावर द्यायची आणि मग भाव सांगायचा. नागपूरकडे जाणारे एक गृहस्थ खाऊन पुढे गेले आणि गाडी वळवून परत आले. त्यांनी विचारलं, "हा संत्रा कुठला?" बायांनो, बारा वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "आमचाच आहे दादा, वरच्या मुरमाचा."

आपल्या संत्र्याला 'नागपुरी संत्रा' म्हणून २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. म्हणजे सरकारी कागदावर मान्य झालं आहे की या मातीची, या हवेची चव दुसरीकडे होत नाही. नाव नागपूरचं असलं तरी त्यात आपला अमरावती जिल्हाही आहे. वाईनवाले एवढ्याशा नावावर भाव घेतात. आपण ते नाव व्यापाऱ्याच्या गाडीत फुकट टाकून देतो.

सेंद्रियचं प्रमाणपत्र हवं असेल तर महागडी तपासणी लागतेच असं नाही. पीजीएस नावाची सरकारी पद्धत आहे. त्यात कमीत कमी पाच शेतकरी मिळून गट करतात, एकमेकांच्या वावरात जाऊन पाहणी करतात, नोंदी ठेवतात आणि एकमेकांची हमी घेतात. फळबागेला रासायनिक सोडल्यापासून साधारण तीन वर्षं लागतात. बायांनो, नोंदी ठेवणं, एकमेकीवर लक्ष ठेवणं, हिशेब चोख ठेवणं, हे बचत गटाच्या बाईला शिकवावं लागत नाही. पण सातबाऱ्यावर नाव लागतं, तिथे आपलं अडतं. आमच्या पाचजणींपैकी दोघींचंच नाव सातबाऱ्यावर आहे. तीही लढाई करावी लागेल, ती वेगळ्या दिवशी बोलू.

शेवटी पुन्हा वाईनकडे येते, कारण तुम्ही विचारणारच. २०२२ च्या जानेवारीत सरकारनं मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं, तेव्हा दोन बाजूंनी लोक बोलले. एक म्हणाले, द्राक्ष उत्पादकाला भाव मिळेल. दुसरे म्हणाले, घरात बाटली येईल. पुढे ते लागू झालं नाही. मी दुसऱ्या बाजूची आहे आणि नाशिक पाहून आल्यावरही तिथेच आहे. भाऊ गेलेल्या बहिणीला कोणी हे समजावून सांगू नये. पण शहाणपण कोणाच्याही वावरात सापडलं तर उचलून आणावं. त्या दादांनी मला बाटली दाखवली नाही, माती दाखवली. त्याचे उपकार मी मानते.

आत्याबाई परवा झाडाखाली बसून संत्रा सोलत होत्या. म्हणाल्या, "दारूच्या कारखान्यातून आनलेलं शहानपन गोड लागते वं." एवढं बोलून फोड तोंडात टाकली.

आता तुमच्यासाठी काम. हा चैत्र आहे, पावसाला वेळ आहे. या आठवड्यात तीन गोष्टी करा. आपल्या वावरात दोन ठिकाणी, एक उंचावर आणि एक सखल भागात, कमरेइतका खड्डा खणा. रंग पाहा, ओल पाहा, मुळ्या हुंगून पाहा. दुसरं, ज्यांचा मृग बहार अजून झाडावर आहे त्यांनी दोन्हीकडचं एकेक फळ सोलून घरातल्या सगळ्यांना खाऊ घाला आणि कोणतं कुठलं ते न सांगता विचारा. तिसरं, दोन्ही खड्ड्यांतली माती वेगवेगळ्या पिशवीत भरून तपासायला द्या. एकत्र करू नका, नाही तर दोघींची पत्रिका एकीच्याच नावानं निघायची.

संत्रा नसेल तर लिंबू पाहा, तूर पाहा, परसातलं वांगं पाहा. गोष्ट तीच आहे. काय सापडलं ते पुढच्या महिन्यात इथे रेडिओवर येऊन सांगा. मी ऐकायला असेन. येते, बायांनो. नमस्कार.